पतंगाच्या कागदाची पट्टी

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, हे सगळ्यात आधी मला कळलं आणि सगळ्यात शेवटी ह्यांना. नाशिक-पुणे रस्त्याला लागून आमचं सायलेन्सरचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीमागे दोन खोल्यांचं घर. सकाळी नऊला पत्र्यावर हातोडा पडायला लागायचा तो दिवेलागणीपर्यंत. जीपचे, टेम्पोचे, रिक्षांचे, ट्रॅक्टरचे सायलेन्सर. वीस-बावीस वर्षं रोज त्या आवाजात डोकं घालून बसलेल्या माणसाचे कान शाबूत राहतील तरी कसे? पण हे कबूल करतील तर शपथ. टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि वर मलाच सांगायचे, "हल्ली हे बातम्यावाले लय हळू बोलतात."

गिऱ्हाइकासमोर त्यांचा एक ठरलेला रिवाज होता. गिऱ्हाईक काहीही सांगो, हे गंभीरपणे मान डोलवायचे आणि सरळ गाडीखाली शिरायचे. दहा मिनिटांनी काळे होऊन बाहेर यायचे ते नेमका दोष हुडकूनच. त्यामुळे लोकांना वाटायचं, मिस्त्री कमी बोलतात. मला मात्र आतून धास्ती असायची. एकदा दुकानाच्या तोंडाशी हे उकिडवे बसून नटबोल्ट निवडत होते आणि एक टेम्पो हॉर्न देत देत मागे येत होता. मी धावत जाऊन कॉलर धरून ओढलं नसतं, तर काय झालं असतं ते मला आजही बोलवत नाही. त्यावर हे काय म्हणाले? "शर्टाची गुंडी तोडलीस." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग तीच गुंडी शिवली.

माझं माहेर मखमलाबादकडचं, फुलांच्या मळ्यातलं. माझ्या धाकट्या भावाने तेव्हा नवी नर्सरी टाकली होती. त्याच्या कानावर टेम्पोची गोष्ट गेली, तसा तो म्हणाला, "ताई, दाजींना माझ्याकडं बसव. गल्ल्यावर बसायचं, रोपं मोजून द्यायची. तिथं काय गाड्या मागं येत नाहीत." मी म्हटलं, दिवाळी होऊ दे, मग सांगते. ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. दुकान सुटलं तर ह्यांचं काय होईल ते मला पक्कं ठाऊक होतं. काम नसलेल्या रविवारी हा माणूस घरातल्या डब्यांची झाकणं ठोकून सरळ करत बसायचा. पण मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ह्यांच्या हातून आता एक जरी मोठं काम बिघडलं, तरी शटर खाली ओढायचं.

अशात ती गाडी आली. गर्द हिरवी, दोनच सीटची, वर कापडी टप, आणि इतकी बुटकी की आमच्या ओट्यावर उभी राहिले तर टपावरची धूळ दिसत होती. पण आवाज केवढा! समोरचा टायरवाला चहा टाकून बघायला आला. गाडीचे मालक नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. देवळालीच्या एका बंगल्यात ही विलायती गाडी आंब्याखाली ताडपत्रीत पडून होती, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. यांनी ती उचलून आणली आणि तीन वर्षं तिच्या मागे लागून ती चालती केली. सोबत त्यांची बायको होती. मालकांना आम्ही साहेब म्हणायचो, त्यांच्या बायकोला मी काकू म्हणू लागले. गुडघ्यांमुळे त्यांना एस.टी.ची पायरी चढवत नव्हती आणि थोरली बहीण हरसूलला. बाजाराच्या दिवशी बहिणीला भेटायचं, एवढीच त्यांची हौस.

"या गाडीत बसायचं म्हणजे पडायचंच असतं," काकू हसून म्हणाल्या, "पण उठवायला हे असतात. तेवढं चालतं. फक्त अर्ध्या वाटेत डोकं धरतं आणि मळमळायला लागतं. तेवढं बघा."

ह्यांनी मान डोलवली आणि गाडीखाली शिरले.

बाहेर आले तेव्हा हसत नव्हते. साहेबांना म्हणाले, "बाईंना या गाडीत बसवू नका. इंजिनाचा धूर आत येतोय. वास येतो तो परवडला, त्याच्यातलं जे गुंगी आणतं त्याला वासच नसतो." इतकं लांबलचक बोलणं मी ह्यांच्या तोंडून दुकानात कधी ऐकलं नव्हतं.

चार दिवस ती गाडी आमच्याकडे होती. इंजिनातून धूर जिथे पहिल्यांदा बाहेर पडतो तो बिडाचा चारतोंडी पाइप, मॅनिफोल्ड म्हणतात त्याला, तो तडकला होता. त्याचा एक बोल्ट काढताना आतच तुटला. तो हळूहळू काढण्यात एक अख्खा दिवस गेला. तडकलेल्या बिडाला ह्यांनी पितळेची झाळ दिली आणि ते लगेच गार होऊ नये म्हणून रात्रभर राखेच्या पिंपात पुरून ठेवलं. दोन पाइपांच्या मधली गॅस्केट तर या गाडीची बाजारात मिळणारच नव्हती. ह्यांनी ॲसबेस्टॉसचा जाड पुठ्ठा पाइपाच्या तोंडावर धरला आणि छोट्या हातोडीने कडेकडेने टुकटुक ठोकत तिथल्या तिथे कापून घेतली. ते काम मी भाजी निवडता निवडता बघत बसायची. माझा नवरा हाताचा कसबी आहे, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. शंका होती ती कानांबद्दल.

कारण धूर गळतोय की नाही हे मिस्त्री लोक ऐकून ओळखतात. मागच्या नळीवर चिंधी दाबायची, म्हणजे आतला दाब वाढतो आणि जिथे बारीक भोक असेल तिथे टिकटिक, फुसफुस असा आवाज येतो. ह्यांनी ते कधीचं सोडलं होतं. त्याऐवजी त्यांनी आपली एक वेगळीच रीत काढली होती. संक्रांतीचा उरलेला पतंगाचा कागद घ्यायचा, त्याची बोटभर पट्टी तारेच्या टोकाला चिकटवायची आणि ती प्रत्येक जोडाजवळून फिरवायची. कुठे बारीकसा झोत असला की पट्टी फडफडायची. मला हे बघून वाईट वाटायचं. वाटायचं, हा माणूस स्वतःलाच फसवतोय.

पट्टी कुठेच हलली नाही. गाडीचा आवाज कसा खर्जात, भरीव झाला होता. काकूंनी माझा हात हातात घेतला आणि पुढच्या बाजाराला हरसूलला जाणार म्हणून सांगितलं.

दोन आठवड्यांनी गाडी परत आली. काकू उतरल्याच नाहीत, कारण त्या आल्याच नव्हत्या. हरसूलच्या वाटेवर त्यांना भर उन्हात रस्त्याकडेला बसवावं लागलं होतं, दोनदा उलटी झाली होती. साहेब भला माणूस, आवाज चढवला नाही. पण हे पुन्हा गाडीखाली गेले तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले. पट्टी फिरली. पट्टी हलली नाही. तरी ह्यांनी सगळे जोड उघडून नव्या गॅस्केट कापल्या, क्लॅम्प बदलले. बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, जोडातनं काय नाय."

"पण वास येतो हो," साहेब म्हणाले. हे मान डोलवून हात धुवायला मागे गेले.

मला राहवलं नाही. इंजिन चालू होतं. मी वाकून कान लावला आणि मला स्पष्ट टिकटिक ऐकू आली. ती इंजिनाच्या वरच्या भागातली होती, चालत्या जुन्या इंजिनात ती असायचीच, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मात्र मला एवढंच वाटलं, इतकी ढळढळीत टिकटिक आणि ह्यांना ती ऐकू येत नाही! मी साहेबांजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "साहेब, एक सांगते, मनात ठेवा. ह्यांना ऐकू येत नाही. तुम्ही गाडी दुसरीकडे दाखवा."

सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं, हे मी लपवत नाही. काकूंच्या जिवाशी खेळ नको, हे खरंच होतं. पण त्याच्या तळाशी हेही होतं की आता माझा निर्णय पक्का झाला. त्याच संध्याकाळी मी भावाला निरोप धाडला की दिवाळीनंतर दाजी येतील.

साहेबांनी गाडी एका मोठ्या गॅरेजात दाखवली. आठ दिवसांनी ते तिसऱ्यांदा आमच्या दारात उभे राहिले, या वेळी काकूंना घेऊन. टप खाली दुमडलेला होता. "ते म्हणतात, काम कोणी केलंय? एकही जोड गळत नाही," साहेब म्हणाले. "मग टप घातला की वास येतो कुठून?" हे बोलताना ते ह्यांच्याकडे बघत होते, पण मला वाटलं ते मलाच विचारत आहेत. माझं तोंड एवढंसं झालं. म्हणजे ह्यांची पट्टी खरं बोलत होती.

हे बराच वेळ गाडीकडे बघत बसले. मग उठून पतंगाचा सगळा कागद घेऊन आले. पट्ट्या कापल्या आणि गाडीच्या आत जिथे तिथे चिकटवल्या, दारांच्या फटींना, पायाशी, सीटच्या मागे. टप चढवला. मला म्हणाले, "चल, बस. मी पुढं बघणार, तू पट्ट्या बघ."

लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे गाडीत बसून कुठे गेलो नव्हतो. मी पदर आवरून त्या खोल सीटमध्ये पडले. सिन्नरच्या बाजूला रस्ता मोकळा होता. गाडी हळू होती तोवर एकही पट्टी हलली नाही. वेग वाढला तशी सीटमागची पट्टी थरथरली आणि मग सरळ आडवी झाली, आमच्या दिशेने. मी ह्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि मागे बोट दाखवलं. ह्यांनी एकदाच वळून पाहिलं.

"डिकीतनं येतंय," ते म्हणाले. "नळीच्या बाहेर पडलेला धूर मागनं आत घुसतोय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मागं बसलं की चाकाची धूळ आपल्याच अंगावर येती ना, तसं. कुठंतरी भोक हाय. बघ जरा."

गाडी कडेला घेऊन ते इंजिन गार व्हायला पुढचं झाकण उघडत होते, तेवढ्यात मी डिकी उघडली. तळाच्या पत्र्याला, नळीच्या टोकाच्या जवळच, रुपयाएवढं भोक होतं. भोवती काजळीचं कडं. आणि भोकावर आडवी ठेवलेली एक काडेपेटीतली काडी, तिला बांधलेला काळा दोरा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी ती लपवली नव्हती, विसरले होते. पहिल्यांदा गाडी तयार झाली तेव्हा ती इतकी देखणी दिसत होती, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण इतका थांबून बघत होता, की मला वाटलं हिला नक्की दृष्ट लागणार. रिक्षाच्या मागे असते तशी काळी बाहुली मी आणली. पण त्या गाडीला मागे बांधायला जागाच नाही, सगळं कसं गुळगुळीत. डिकीच्या तळाला एक रबरी बूच दिसलं. ते मी नखाने उपटलं, दोरा खाली सोडला, आत काडी अडकवून गाठ मारली आणि बाहुली गाडीच्या पोटाखाली लटकवली. बाहुली तर नळीच्या धगीने दोन दिवसांत जळून पडली असणार. बूच मी कुठे टाकलं तेही आठवत नव्हतं. काकूंचं डोकं, त्यांच्या उलट्या, ह्यांचे दुसऱ्यांदा उघडलेले जोड, साहेबांच्या कानात सांगितलेलं ते वाक्य, सगळं एका क्षणात माझ्या अंगावर आलं. मी काडी मोडली, दोरा ओढून मुठीत घेतला आणि ह्यांना फक्त भोक दाखवलं.

दुकानात परत येईपर्यंत मी ती मूठ उघडली नाही. ह्यांनी जुन्या ट्यूबच्या रबराचं बूच कापून घट्ट बसवलं, वरून पत्र्याची चकती मारली. साहेब आणि काकू ओट्यावर बसून होते. त्यांच्यासमोर उभं राहून हे म्हणाले, "साहेब, चूक माझीच. डिकी मीच रिकामी केली होती, तेव्हाच बूच पडलं असणार. ऐकू... म्हंजे, ध्यानात आलं नाय. बाईंना त्रास झाला."

साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि मग हळूच माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. तुम्ही म्हणालात ते खरं होतं वहिनी, अशी ती नजर. ती मला सहन झाली नाही. मी गप्प बसले असते तर कोणालाच काही कळलं नसतं. ह्यांनी स्वतःच गुन्हा आपल्या नावावर घेतला होता, भावाला निरोप गेलेलाच होता, सगळं कसं जुळून आलं होतं.

"बूच मी काढलं," मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "आं?"

"बूच मी काढलं होतं."

"काय म्हणतीस?"

अशी वेळ आली की माणूस हळू आवाजात कबूल करतो, खाली मान घालून. माझ्या नशिबी ते नव्हतं. मी दोन पावलं पुढे गेले, मूठ उघडून तो दोरा ह्यांच्या तोंडासमोर धरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "बूच मी काढलं! बाहुली बांधायला! तुमचे जोड सगळे चांगले होते! आणि ह्यांना ऐकू येत नाही, गाडी दुसरीकडे न्या, असंही साहेबांना मीच सांगितलं होतं! तुमच्या पाठीमागे!"

टायरवाल्याच्या हातातला पाना थांबला. मला अगदी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पहिल्यांदा बोलल्या त्या काकू. "अहो, बाहुली बांधायचं माझ्याही मनात होतं," त्या म्हणाल्या. "मला जागा सापडली नाही, एवढंच." साहेब उठले आणि ह्यांचे काळे हात त्यांनी दोन्ही हातांत धरले.

ह्यांनी दोरा माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग सगळ्यांसमोर, सरळ साहेबांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण ती खोटं नाय बोलली. मला ऐकू येत नाय. पाच-सहा वर्षं झाली. म्हणून कागदावर काम करतो."

ती दोघं टप चढवून गेली. ह्यांनी जाणाऱ्या गाडीच्या नळीकडे एकदा पाहिलं आणि शटर अर्धं ओढलं. मी चहा केला. नर्सरीला ह्यांना पाठवायचं नाही, हे मी चहा गाळता गाळता ठरवून टाकलं होतं. भावाची समजूत मी काढणार होते. ह्यांच्यापुढे कप ठेवला. आता बोलणी खायची तयारी ठेवूनच मी ओट्यावर बसले.

ह्यांनी अर्धा चहा संपवला. "एक विचारू?" म्हणाले. मी मान हलवली.

"वरीसभर तू माझ्याशी नीट बोलत नाहीस. तोंडातल्या तोंडात कायतरी म्हणतीस नि आत निघून जातीस. मला वाटायचं, माझं कायतरी चुकलंय, त्याचा राग धरलाय तू. काय चुकलं ते मात्र कळंना." कप खाली ठेवून म्हणाले, "आज लय दिवसांनी तुझा आवाज ऐकला."

खरंच होतं ते. ओरडून बोललं की शेजारपाजाऱ्यांना भांडण वाटतं, म्हणून मी हळूहळू बोलणंच आवरतं घेतलं होतं. वर्षभर मी एवढीच काळजी केली की ह्यांना काम जमतंय की नाही. घरात, माझ्यासमोर बसून, हा माणूस एकटा पडलाय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझा घसा आधीच बसला होता. तरी मी त्यांच्या जवळ सरकले आणि समोरच्या टायरवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "नाही हो. राग नव्हता."